तळाशी उरलेला घोट

१

शनिवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या मुलीला उचकी लागली, आणि तिथून हे सुरू झालं. वेळ मला पक्की ठाऊक आहे. चर्चमधल्या वेदीमागच्या खोलीतलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं, आणि त्यात तेव्हा पावणेदहा झाले होते. दहाला किल्लीकाका, चर्चचे राखणदार, कपाट बंद करायला येतात. माझी अजून दोन भांडी पुसायची राहिली होती.

मी भांडी करते म्हटलं की बायका कढई-पातेली समजतात. माझी भांडी वेगळी. मिस्सेचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे, दोन मोठे प्याले, त्यांवर ठेवायच्या तबकड्या, पवित्र भाकर ठेवायचा झाकणाचा पेला, आजाऱ्यांच्या घरी भाकर न्यायची चपटी डबी. सगळं आतून सोनेरी. दर शनिवारी ती मऊ फडक्याने पुसायची आणि कपाटात ओळीने लावायची. खोलीत दोन बेसिनं आहेत. एक हात धुवायचं. दुसरं कोपऱ्यात, दगडी, लाकडी झाकणाचं. त्याची नळी गटाराला जात नाही, सरळ जमिनीत जाते. मिस्सेच्या भांड्यांचं पाणी त्यातच ओतायचं, हे किल्लीकाकांनी मला पहिल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं. मला कुणी तीनदा सांगायला नको असतं, मी स्वतःच स्वतःला दहादा सांगते. घराचं कुलूप ओढून बघायला मी दोनदा जिना चढणारी बाई आहे.

या सगळ्यांत एक धाकटा प्यालाही होता, लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढा. तो मिस्सेला कधी काढत नाहीत. मी कामाला लागले तेव्हा तो कपाटात घडी घातलेल्या फडक्यावर पालथा होता. बाकीचे सगळे उभे आणि हा एकटा पालथा, माझ्या डोळ्याला खुपायला लागलं. मी तो सरळ केला. माझ्याच हाताने. पुढच्या शनिवारपासून त्याच्या तळाशी एक थेंब पाणी सापडायला लागलं.

"धातूला घाम येतो, पोरी," किल्लीकाका म्हणाले. मी पुसत राहिले.

तर उचकी. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. एवढीशी आहे म्हणून तिला घरात टिचकी म्हणतात. पुढच्या दोन दातांत फट आहे, हसली की त्यातून जीभ दिसते. मी तिला सोबत नेते, ती बाकावर मेणबत्त्यांचे तुकडे ओळीने मांडत बसते. त्या दिवशी तिला अशी उचकी लागली की दर खेपेला खांदे उडत होते.

"कोण आठवण काढतंय गं? आजी?"

उचक.

"बाबा? मामा?"

उचक. उचक.

घराशेजारच्या मांजरापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन झाली. थांबेना. आमची पाण्याची बाटली घरी ओट्यावर राहिलेली. किल्लीकाकांच्या ग्लासात वाळलेला चहा. हातात तो धाकटा प्याला, नुकताच पुसलेला, स्वच्छ. मी नळ सोडला.

ती दोन्ही हातांनी धरून प्यायली आणि उचकी थांबली. या वेळी मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

मग तिने प्याल्यात बघितलं. तळाशी एक घोट उरला होता.

"संपव की."

"नाही. हे त्याचं."

"कुणाचं?"

तिने प्याल्याच्या कडेवर बोटाने टिचकी मारली. बाहेर किल्ल्यांचा जुडगा वाजला. मी घाबरले, आणि तो प्याला तसाच, घोटासकट, कपाटात उभा ठेवून दिला.

२

रविवारपासून टिचकी प्रत्येक पेल्यात तळाशी थोडंसं ठेवायला लागली. पाणी असो, दूध असो. "हे त्याचं."

"आत्तापासूनच वाटेकरी?" हे म्हणाले. हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून काम, म्हणून घरी आले की विनोद करतात.

सासूबाईंनी माझ्या पोटाकडे बघितलं. "मुलं आधी सांगतात हो. दुसऱ्या पाळण्याची खूण ही."

"तसं काही नाही, आई."

"तुला नसेल माहीत. तिला माहीत असेल."

मी बोटांवर दिवस मोजले. तसं काही नव्हतं.

सोमवारी दुपारी सासूबाई शिंपिणीकडे गेल्या होत्या. टिचकी माझ्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं टाकून. मला स्वयंपाकघरातून उचकी ऐकू आली.

लहान मुलाची. एक, मग वीस मोजेपर्यंत काही नाही, मग पुन्हा एक. दर उचकीला ओट्यावरच्या स्टीलच्या पेल्याला नख लागल्यासारखा आवाज व्हायचा. मी टिचकीच्या छातीवर हात ठेवला. ती शांत झोपली होती. उचकी तिची नव्हती.

फ्रिज असेल, असं मी ठरवलं. मग नळ असेल. टिचकीला उशीवर ठेवून आत गेले, नळ आवळला. आवाज थांबला. म्हणजे नळच होता, असं मोठ्याने म्हटलं. एकटी असले की मी मोठ्याने बोलते, बरं वाटतं.

टिचकीच्या पेल्यात तळाशी दूध होतं, ते मी अर्ध्या तासापूर्वी पाहिलं होतं. आता पेला कोरडा होता. धुतल्यासारखा नव्हे, पुसल्यासारखा.

३

मंगळवारी मी परीक्षा घेतली. टिचकीने ठेवलेल्या घोटाच्या उंचीवर पेल्याला बाहेरून यांच्या पेन्सिलीने रेघ मारली. वर ताटली ठेवली. ताटलीवर वरवंटा. खिडक्या बंद केल्या आणि बाहेरच्या खोलीत टिचकीला घेऊन बसले. मुद्दाम एकटीला सोडलं नाही, उद्या मलाच वाटायला नको की तिनेच प्यायलं.

पाऊण तासाने उघडलं. वरवंटा जागचा हलला नव्हता. ताटलीची खालची बाजू कोरडी. पेला रिकामा.

पेल्याच्या कडेला, आतल्या बाजूने, वाफेचा एक डाग होता. दोन बोटं रुंद. आपण काचेला तोंड लावून श्वास सोडला की उमटतो तसा. माझ्या डोळ्यांदेखत तो आकसला आणि गेला.

संध्याकाळी यांना सांगितलं.

"वाफ झाली पाण्याची."

"वाफ झाली असती तर ताटलीला थेंब दिसले असते."

"तू सातवी शिकलीस की सतरावी?"

"अहो, मी चेष्टा करत नाहीये."

"अगं, तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आधी झोप नीट घे. सगळं दिसायचं थांबेल."

मला ते पटलं. खरंच सांगते, पटलं. मी टिचकी झाल्यापासून सलग झोपलेली नाही. तिचा श्वास चालू आहे का बघायला उठते, तो बघितला की गॅस बघायला जाते. अशा बाईला काय दिसेल याचा नेम नाही. पण मग पालथा हा शब्द डोक्यात राहिला, आणि कपाटात पालथा असलेला तो प्याला आठवला.

४

गुरुवारी टिचकीने पाणी बंद केलं.

पेला पुढे केला की ओठ घट्ट मिटायची. चमचा, वाटी, बाटली, सगळं करून झालं. सासूबाईंनी नाक दाबून पाजायचा प्रयत्न केला, तिने सगळं माझ्या अंगावर उडवलं. रडत नव्हती. फक्त मान हलवायची, मोठ्या माणसासारखी.

"मग कशातून पिणार माझी राणी?"

"छोट्यातून. तिकडच्या."

शुक्रवारी सकाळी तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. डॉक्टरबाईंनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी हळूहळू खाली बसली, तशी बसायला नको असते म्हणे.

"कधीपासून पीत नाही?"

"काल सकाळपासून. त्याआधी प्यायची, पण थोडं ठेवायची."

"थोडं ठेवायची म्हणजे?"

मी टिचकीचा फ्रॉक सारखा केला.

"सिरिंजने पाजत राहा. उद्या दुपारपर्यंत नीट प्यायली नाही तर इथे आणा, सलाईन लावू. उशीर करू नका, एवढी लहान मुलं पटकन खचतात."

उद्या दुपार. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. टिचकी माझ्या खांद्यावर होती, आणि तिचं वजन मला कमी वाटलं. एका दिवसात वजन कमी होत नाही, हेही मला माहीत आहे.

५

टिचकीला सासूबाईंकडे देऊन मी तशीच चर्चला गेले. तो प्याला एका दिवसासाठी मागावा, की तो फेकून द्यायला सांगावा, माझं काहीच ठरलं नव्हतं. चालताना दोनदा मागे फिरले.

किल्लीकाका आवारात झाडांना पाणी घालत होते. खोली उघडी होती, कपाटाला कुलूप. दुपारचे तीन वाजले असतील, खिडकीतून ऊन थेट कपाटाच्या दारावर पडलं होतं. भीती वाटावी असं काही नव्हतं. मेणाचा वास, इस्त्रीच्या कापडांचा वास.

कपाटातून उचकी आली.

आणि तिच्या पाठोपाठ टण्. धातूचा, बारीक, लांबत जाणारा.

मी दाराला कान लावला. उचक, टण्. उचक, टण्. घरात ऐकलेली तीच. खरं तर मी पळायला हवं होतं. पण अडीच वर्षांची सवय अशी असते, लहान मुलाची उचकी ऐकली की तोंड आपोआप चालू होतं.

"कोण आठवण काढतंय?" मी म्हटलं. "फादर?"

उचक.

"किल्लीकाका?"

उचक.

पुढे काय म्हणतेय ते मला कळायच्या आत मी माझ्या मुलीचं नाव घेतलं. टिचकी नव्हे. कागदावरचं नाव.

उचकी थांबली.

इतकी शांतता झाली की बाहेर झारीतून पडणारं पाणी ऐकू यायला लागलं. मी आणखी काही बोलेन म्हणून कपाटाच्या आत कुणीतरी श्वास धरावा, तशी ती शांतता होती.

मी बाहेर आले तेव्हा किल्लीकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि झारी खाली ठेवली.

"काका, माझ्याआधीची बाई का गेली?"

"तिच्या तक्रारी फार होत्या."

"कसल्या?"

"तो लहान प्याला सरळ ठेवू नका म्हणायची. सरळ ठेवला की मागत राहतं म्हणे."

"काय मागतं?"

"ते मी विचारलं नाही. मला कुलूप लावायचं होतं."

"मी सरळ ठेवला तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांनी पँटला हात पुसले. "बाईने भांडी लावली, नीट लावली. त्यात मी काय बोलणार?"

"तिला मूल होतं?"

"होता एक मुलगा. आधी सोबत आणायची त्याला. मग आणेनाशी झाली."

एवढं बोलून ते पुन्हा झाडांकडे वळले. एकाच कुंडीत पाणी घालत राहिले, ती भरून वाहिली तरी.

६

शनिवारी मी टिचकीला घेऊन साडेनऊला पोचले. रात्रभर सिरिंजने थेंब थेंब पाजलं होतं, तिने तो थेंब थेंब ओठांतून बाहेर सोडला होता. घरी सांगितलं की तासाभरात परत येते, तिथून थेट डॉक्टरबाईंकडे. माझ्या पिशवीत तिची बाटली होती. या वेळी विसरले नव्हते.

किल्लीकाकांनी जुडगा माझ्या हातात दिला. "तू उघड. मी घंटेची दोरी बघून येतो."

दोरी त्यांनी कालच बदलली होती, नवी दिसत होती.

मी टिचकीला बाकावर बसवलं आणि कपाट उघडलं. मोठे प्याले, तबकड्या, डबी, सगळं जागच्या जागी. धाकटा प्याला शेवटी, उभा. मी त्यात एक घोट ठेवून गेले होते.

तो काठोकाठ भरलेला होता. पाणी जरासं पांढरट, वर दुधाची पातळ साय. आठवड्याभराचे सगळे घोट. टिचकीने ठेवलेले, "त्याचे".

माझं डोकं चालत होतं, हे सांगायला हवं. छतातून गळत असेल. कुणीतरी खोडी केली असेल. पण दुधाची खोडी कोण करेल? तेवढ्यात टिचकी बाकावरून उतरली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली.

"दे, आई."

"हे खराब आहे, राणी. हे मातीत ओतू या."

मी दगडी बेसिनचं झाकण काढलं. प्याला तिरपा केला, आणि टिचकीला उचकी लागली. एकच. ती आत गेली आणि परत बाहेर आलीच नाही. तिचं तोंड उघडं, डोळे माझ्यावर, श्वास नाही. भेगाळलेले ओठ निळसर व्हायला लागले. मी प्याला सरळ केला. तिची छाती हलली.

मी पुन्हा तिरपा केला नाही. एकदा पुरे होतं.

"दे," ती म्हणाली. आवाज बारीक, तहानलेला. "तो म्हणतो, आता सगळं मी प्यायचं. मग तो इकडे आणि मी तिकडे."

"तिकडे कुठे?"

तिने प्याल्याकडे बोट दाखवलं.

घड्याळात पावणेदहा झाले होते. म्हणजे नऊ चाळीस. आयुष्यात मी कुठलीही गोष्ट दहादा विचार केल्याशिवाय केलेली नाही. ही केली. प्याला तोंडाला लावला.

पाणी कोमट होतं. अंगातल्यासारखं. एवढ्याशा प्याल्यात मावेल त्याहून खूप जास्त होतं, मी घोटावर घोट घेत होते आणि ते संपत नव्हतं. टिचकी माझी साडी धरून ओढत होती. मी थांबले नाही.

शेवटी तळ दिसायला लागला. चमच्यात, पळीत बघितलं की आपला चेहरा उलटा दिसतो. अंतर्गोल आरसा, सातवीच्या पुस्तकात होतं, माझा शेवटचा नीट शिकलेला धडा तो. तसा त्या सोनेरी तळात माझा चेहरा दिसला, उलटा, कपाळ खाली.

त्याच्या शेजारी एक लहान तोंड होतं. ते उलटं नव्हतं.

फक्त तोंड. प्याल्याच्या कडेला आतून लागलेलं, उघडं, वाट बघणारं. मी शेवटचा घोट घेतला, एक थेंब ठेवला नाही, आणि ते मिटलं. मिटायच्या आधी दात दिसले. पुढच्या दोन दातांत फट होती.

मी फडक्याची घडी केली आणि प्याला त्यावर पालथा घातला. नीट घातला, कड कुठे उचललेली नाही ना बघितलं. तीनदा बघितलं.

"आई, पाणी," टिचकी म्हणाली.

मी पिशवीतून बाटली काढून दिली. ती घटाघटा प्यायली. सगळी. तळाशी काही ठेवलं नाही.

७

फादरना मी सांगितलं, सगळं नाही, तिला त्या प्याल्यातून पाणी पाजलं एवढंच. ते हसले. "मुलाला तहान लागली, तू पाणी दिलंस. त्यात पाप कसलं?" मग निघताना ते कपाटापाशी थांबले, दार जरासं उघडून आत बघितलं आणि लावून घेतलं. काय बघितलं ते मी विचारलं नाही.

काम मी सोडलं. टिचकी आता बरी आहे. खाते, पिते, मांजराच्या मागे धावते. डॉक्टरबाई म्हणाल्या, मुलांचे हट्ट असतात असे.

मला मात्र दर शनिवारी नऊ चाळीसला उचकी लागते. पाण्याने थांबत नाही. हे घरी असले की नावं घ्यायला बसतात, विनोदाने. "तुझी आई? बहीण? तो मागच्या गल्लीतला वाणी?" मी पदर तोंडाला लावून हसते, आणि ते मुलीच्या नावाशी यायच्या आत त्यांच्या तोंडावर हात ठेवते. कपाटातली उचकी त्याच नावाला थांबली होती. त्यांना वाटतं मी लाडात आलेय.

टिचकी तेव्हा खेळ थांबवते. माझ्याकडे बघते, चेहऱ्याकडे नाही, घशाकडे. मग आत जाऊन पेला भरून आणते, अर्धा स्वतः पिते आणि उरलेला माझ्यापुढे धरते. मी घेते. शेवटच्या थेंबापर्यंत पिते, आणि पेला पालथा घालते. अजून तरी एवढ्याने भागतंय.

परवा कळलं की चर्चमध्ये माझ्या जागी नवी बाई लागली. तरुण आहे, कडेवर मूल आहे, कामाला फार नीटनेटकी आहे म्हणे. म्हणून हे लिहायला बसले. मला तिचं घर ठाऊक नाही, आणि त्या खोलीत माझ्याने पाऊल टाकवत नाही.

तुमच्यापैकी कुणाची तिच्याशी गाठ पडली तर सांगा. ती नाही भेटली तरी, तुमच्या ओळखीत कुठेही कुणी ही भांडी पुसत असेल, तिला सांगा. ओळीत एखादा प्याला पालथा असेल तर असू दे, डोळ्याला खुपला तरी. मुलाचं पाणी घरून ने. आणि शनिवारी सकाळी तुमच्यासमोर कुणा अनोळखी बाईला उचकी लागली तर हौसेने नावं घेत बसू नका. माझ्या मुलीचं खरं नाव मी इथे कुठेच लिहिलेलं नाही, पण ते साधंच आहे, चारचौघींसारखं. चुकून तोंडात यायचं. एवढं पुढे सांगा.